पंपाची बॅटरी

हसू नका, पण माझा हॅम रेडिओ, म्हणजे हौशी बिनतारी संच, वर्षभर आमच्या अण्णांच्या फवारणी पंपावर चालला. दर रविवारी सकाळी पंपातली बॅटरी गुपचूप काढायची, कपिलधारच्या डोंगरावर जाऊन बाभळीला एरियलची तार टांगायची, आणि पाच वॅटवर केरळातल्या एका सतत खोकणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांशी मोडक्या हिंदीत गप्पा मारायच्या. दुपारी बॅटरी परत पंपात. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

सोमवारी अण्णा फवारायला जायचे आणि दोन ओळींत पंप बंद. "त्या दुकानदाराला बघतोच," म्हणायचे. मी मुकाट्यानं भाकरी खायचो.

मग कापसावर लई मावा पडला. त्या रविवारी बॅटरीला हात लावायचा नाही, असं मी ठरवलं. उठून बघतो तर बॅटरी माझ्या रेडिओच्या पिशवीवर, फुल चार्ज करून ठेवलेली. खुंटीवरचा हातानं मारायचा जुना फवारणी पंप मात्र गायब.

पळत रानात गेलो. अण्णा पाठीवर तो पंप घेऊन त्याची दांडी वरखाली करत होते, तेही डाव्या हातानं, कारण उजवा खांदा दुखतो.

"अण्णा, बॅटरीचा पंप कावून न्हाई आणला?"

दांडी थांबली नाही. "रविवारी बॅटरीला सुट्टी असती."

मी बांधावरच थबकलो.

"हुबा काय राहिलास? जा, नऊ वाजत आले. मास्तर वाट बघत असतील. आन् त्यांचा खोकला कमी झाला का, तेवढं इचार."