कुत्र्याचाच तर ब्रश होता

डॉक्टर : मान नका आवळू, छातीखालून हात घालून धरा. हं, असं. आता मी याच्या कानाची कड चोळते, तुम्ही मागच्या पायाकडे बघा.

पार्लरवाली : अगं बाई! पाय आपोआप हलायला लागला की.

डॉक्टर : कान चोळला की पाय खाजवायला निघतो. खरजेची शंका येते ती इथेच. कोपरांवरचे केस गेलेत, कानांच्या कडांना खपल्या, पोटावर पुरळ. कधीपासून?

पार्लरवाली : झाले बरेच दिवस. आधी नुसता खाजवायचा, मला वाटलं पिसवा असतील. मग झुपके गळायला लागले. डॉक्टर, गोंड्या नाव ठेवलंय हो याचं! आणला तेव्हा नुसता कापसाचा गोळा होता. आता जिन्यात शेजारी विचारतात, हा नक्की कोणता प्राणी?

डॉक्टर : घरी काय काय उपाय झाले?

पार्लरवाली : खास असं काही नाही.

डॉक्टर : वास मात्र खास येतोय याला.

पार्लरवाली : ते… कोंड्याचा शाम्पू लावला. रोज. साधासुधा नाही हं, आमच्या पार्लरमध्ये केस गळतात त्यांना तोच देते मी.

डॉक्टर : माणसांना द्या खुशाल. पिल्लाची कातडी नाजूक, त्याने कोरडी ठणठणीत पडते, आग होते. आधीच खाज, त्यात तुम्ही रोज भर घातलीत.

पार्लरवाली : चांगलं करायला गेले हो मी. आणि मूळ कारण काही शाम्पू नाही. मूळ कारण आमच्या सासूबाई. दिवसभर हा त्यांच्या मांडीवर. डोक्याला तेल लावायचं आणि तोच हात याच्या अंगावरून फिरवायचा. त्यांच्याही हातांवर, पोटावर पुरळ आलंय. शेवटी मी तोंडावर सांगितलं, आई, तुमच्या अंगाचं त्याला लागलं.

डॉक्टर : असं सांगितलंत?

पार्लरवाली : मग काय करणार? त्याला मागच्या गॅलरीत बांधला. उद्या माझ्या भावाच्या गोदामावर पाठवतोय. तिथे मोकळी जागा आहे, सोबतीला आणखी दोन कुत्री आहेत.

डॉक्टर : जरा दम धरा. ब्लेडने इथली कातडी थोडी खरवडते. किंचित रक्त दिसेल, घाबरू नका. झालं रे राजा, झालं. शहाणं बाळ. आता हे काचेवर घेतलं… एक सापडला. या इकडे, एक डोळा मिटून या नळीतून बघा.

पार्लरवाली : गोल काहीतरी आहे. ई! पाय आहेत त्याला. हलतंय!

डॉक्टर : हाच खरजेचा किडा. कातडीत बीळ करून राहतो, तिथेच अंडी घालतो. तेलाबिलाचा काही संबंध नाही. आणि कुत्र्याचा हा किडा कुत्र्याकडूनच येतो. सासूबाईंचं याला लागलेलं नाही, याचं सासूबाईंना लागलंय.

पार्लरवाली : म्हणजे उलटं?

डॉक्टर : अगदी उलटं. माणसाच्या अंगावर तो फार टिकत नाही, पण छळतो. त्यांना कातडीच्या डॉक्टरांकडे न्या. आता मला सांगा, हा कुठल्या कुत्र्यांत खेळायला जायचा?

पार्लरवाली : कुठेच नाही. लसी पूर्ण होईपर्यंत खाली उतरवू नका असं तुम्हीच बजावलं होतं.

डॉक्टर : मग घरात काही आलं का? कुणाचं कुत्रं, कुणाचा पट्टा, अंथरूण, कंगवा?

पार्लरवाली : छे, कंगवा कसा येईल… अरे देवा.

डॉक्टर : काय झालं?

पार्लरवाली : एक ब्रश आणला होता मी. पार्लरमधून. आमचं एक मोठं गिऱ्हाईक आहे, सगळं घरच माझ्याकडे येतं. त्या बाईंनी एकदा त्यांचं कुत्रं आणलं. म्हणाल्या, तुझा हात हलका आहे, जरा याचे केस सारखे करून दे. नाही कसं म्हणू? ब्रश त्यांनीच आणला होता, मऊ होता. जाताना म्हणाल्या, राहू दे तुझ्या पिल्लाला.

डॉक्टर : धुतलात?

पार्लरवाली : डॉक्टर, माझ्याकडे एका डोक्याचा कंगवा औषधाच्या पाण्यात बुडवल्याशिवाय दुसऱ्या डोक्याला लागत नाही. मुली विसरल्या तर सगळ्यांसमोर झापते मी त्यांना.

डॉक्टर : हा बुडवला होता?

पार्लरवाली : नाही. कुत्र्याचाच तर ब्रश होता. तसाच पर्समध्ये टाकला आणि घरी येऊन गोंड्याच्या अंगावरून फिरवला.

डॉक्टर : ते कुत्रं खाजवत होतं का?

पार्लरवाली : …हो. बाई म्हणाल्या, हवा बदललीय. मीही मान डोलावली. कानामागे टक्कल पडलेलं दिसलं होतं मला. केसांचा धंदा माझा, न दिसून कसं चालेल? वरचे केस फिरवून मी ते झाकून दिलं.

डॉक्टर : बरं, असा चेहरा पाडू नका. बरं होणारं दुखणं आहे. गोळी देते, सांगेन तेव्हा पुन्हा आणा. शाम्पू बंद. ब्रश फेकून द्या. याचं अंथरूण, घरातल्या चादरी, सासूबाईंचे कपडे, सगळं कडकडीत पाण्यातून काढा. आधी खाज कमी होईल, केस मागाहून येतील. तोवर याला मांडीवर घ्यायचं नाही, हात लावाल तर हातमोजे घालून. आणि गोदामावर मुळीच पाठवू नका, तिथल्या दोघांच्या गळ्यात हे कशाला? त्या बाईंनाही कळवा.

पार्लरवाली : कळवते. गिऱ्हाईक तुटलं तर तुटलं. त्यांना सांगणं सोपं आहे.

डॉक्टर : मग अवघड कुणाला आहे?

पार्लरवाली : सासूबाई दिवसातून दहादा हात घासतात हो. भांड्यांच्या साबणाने. मी बघते, आणि मला वाटतं, बरं झालं, कळलं एकदाचं यांना. असं वाटायचं मला, डॉक्टर.

(घरी, संध्याकाळी. गोंड्याला पुन्हा मागच्या गॅलरीत ठेवलंय, दार लावलेलं. सासूबाईंच्या खोलीत टीव्ही मोठ्या आवाजात चालू आहे.)

सासूबाई : आलात का दोघं? काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई? वाचेल ना गं?

पार्लरवाली : बरा होईल, आई. टीव्ही बंद करू का? जरा बोलायचंय.

सासूबाई : राहू दे, राहू दे. ऐकू येतंय मला. त्याची वाटी नि ते लाल फडकं पिशवीत भरून ठेवलंय, उद्या गाडीत द्यायला. हात नाही हो लावला, काठीने ओढलं.

पार्लरवाली : गाडी येणार नाही. भावाला फोन करून नको म्हणून सांगितलं मी.

सासूबाई : नको कशाला म्हणालीस? इथे राहिला तर माझं पुन्हा लागेल त्याला. माझी कातडीच मेली अशी.

पार्लरवाली : हात दाखवा बघू. आई, किती सोललेत हे!

सासूबाई : घासते ना साबणाने. तूच म्हणालीस.

पार्लरवाली : मी चुकीचं बोलले. तुमचं त्याला लागलं नव्हतं, त्याचं तुम्हाला लागलं. आणि त्याला लागलं माझ्यामुळे. तो मऊ ब्रश आणला होता ना मी? दुसऱ्या कुत्र्याचा होता. त्या कुत्र्याला खरूज होती. मला दिसत होतं काहीतरी आहे, तरी तसाच आणून फिरवला.

सासूबाई : म्हणजे तेलाने नाही?

पार्लरवाली : तेलाने नाही. तुमच्या हातांनी काहीही झालेलं नाही.

सासूबाई : तो ब्रश तू फिरवत होतीस तेव्हा शेजारीच बसले होते मी. काय लोळत होता लबाड! मला वाटलं, सूनबाईला माया आली एकदाची त्याची.

पार्लरवाली : आली होती हो, आई. म्हणून तर आणला.

सासूबाई : असेल. पण एक सांगते तुला. तो गॅलरीतून रडायचा ना, की मी या टीव्हीचा आवाज वाढवायचे. तुम्हाला वाटलं म्हातारी बहिरी झाली. कानाच्या डॉक्टरकडे न्यायला निघाला होतात मला.

पार्लरवाली : मला रागवा तरी.

सासूबाई : रागवणार आहे. ते काही चुकत नाही तुला. आधी सांग, मांडीवर घेतलेलं चालेल त्याला?

पार्लरवाली : इतक्यात नाही. औषध लागू पडेपर्यंत लांबच ठेवायला सांगितलंय.

सासूबाई : आणि हाक मारलेली?

पार्लरवाली : हाकेला कोण नको म्हणेल?

सासूबाई : मग ते गॅलरीचं दार उघड. आणि जाता जाता टीव्ही बंद कर.