मागच्या चाकांतली हवा

हवा भरायच्या रांगेत आक्का आपल्या लेकाच्या गाडीत बसल्या होत्या. पुढच्या पिकअपपाशी गाडीवाल्याची आणि हवा भरणाऱ्याची बाचाबाची सुरू झाली, तसे त्यांनी कान टवकारले.

“मागच्या चाकांतली हवा निम्मी करा. आईचं ऑपरेशन झालंय, मागे गादीवर निजवलीय. हादरे सोसत नाहीत तिला.”

“अहो, निम्म्या हवेवर टायर तापून फुटेल! गाडी उलटली म्हणजे?”

“मग करू काय?”

“हवा पुरती ठेवा आणि आईला पुढे बसवा.”

“पुढे नवा टीव्ही आहे. पट्टा बांधून ठेवलाय.”

आक्कांनी खिडकीतून डोकंच बाहेर काढलं. “अरे मेल्या, टीव्ही टाक की मागे!”

गादीवरून क्षीण आवाज आला, “नको हो बाई! त्याची काच तडकली, तर मला घरात कोण घेईल?”