दुसऱ्या भागातला नळ

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. भावजयीनं तोंडाला रुमाल धरला होता. तरी टीव्हीवरच्या एका जुगाऱ्याच्या मालिकेवरून दोघींची चांगलीच जुंपली होती.

"वहिनी, मला त्याची कीव नाही येत. जिंकला होतास ना मेल्या, मग गप घरी जायचं! पुन्हा सगळं लावलं."

"त्याला जिंकायचं नसतंच गं. त्याला नुसतं खेळायचं असतं."

"आणि शेवटी सख्ख्या मित्राचा खून! बायको पण बावळटच. घरात एवढं चाललंय आणि हिला पत्ता नाही?"

"कसा लागणार? तो बाथरूममध्ये नळ सोडून मोबाइलवर खेळायचा. बाहेर फक्त पाण्याचा आवाज. दार वाजवलं की अंगावर धावून यायचा."

"हे कधी दाखवलं?"

"दुसऱ्या भागात."

"मी सगळे भाग पाहिलेत, वहिनी. तो अड्ड्यावर पत्ते खेळतो. त्याच्याकडे मोबाइलच नाही."

"असेल. दुसरी कुठली तरी मालिका असेल."

"वहिनी, इकडे बघ. दादा?"

"हळू बोल."

"परवा तू पाय घसरून पडलीस म्हणालीस. कुठे पडलीस?"

"बाथरूमच्या दाराशी. आईंना सांगू नकोस."