मागच्या बाकावरचा फळा

मंडळी, देवाचं नाव घेऊन बसलो आहोत, तर आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर आत्ता देऊ नका, मनात धरा. सगळ्यांना सारखं वाढलं, म्हणजे सगळ्यांना सारखं मिळालं का?

माना हलल्या. हो म्हणणारे जास्त दिसतात. बरं — मग ऐका.

कासारखेड नावाचं गाव. चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षक. त्यातल्या एक इंदुमती हिवराळे. गाव त्यांना हिवराळेबाई म्हणे. बाई कशा? वेळेवर येणाऱ्या. पोरांवर हात न उगारणाऱ्या. घसा बसला तर ओव्याचं पाणी पिऊन शिकवणाऱ्या. मी त्या गावी कीर्तनाला गेलो, तेव्हा उतरायला त्यांच्याच घरी होतो. ही कथा त्यांनी स्वतः मला सांगितली, आणि स्वतःची चूक आधी सांगितली. मंडळी, चूक आधी सांगणारा माणूस दिसला, की त्याच्या पाया पडावं.

बाईंचा एक अभिमान होता. म्हणायच्या, "मी भेदभाव करत नाही. एकच फळा, एकच धडा, सगळ्यांना सारखं शिकवते." आणि खरंच तसं शिकवत. तरी दर वर्षी व्हायचं काय, की गावातली पोरं पुढं जायची आणि टेकडीवरच्या दगडफोड्यांच्या वस्तीतली सहा पोरं मागं राहायची. लोक म्हणायचे, "बाई, त्यांच्या घरात पाटीपुस्तक कुठंय? त्यांचं डोकं दगडातच चालायचं." दहा तोंडांनी एकच गोष्ट सांगितली, की ती खरी वाटायला लागते. बाईंनाही वाटायला लागली. त्यांनी त्या सहा नावांपुढं 'कच्चे' असं लिहून ठेवलं होतं.

त्या सहांत एक यल्लव्वा धोत्रे. सगळे यल्लू म्हणत. आई-बाप खाणीवर. पोरगी मुकाट यायची, मुकाट जायची. दुसरीपासून चौथीपर्यंत तीन वर्षं बाईंच्याच हाताखाली, आणि तीन वर्षं तिच्या वहीत फुल्याच फुल्या.

एका दुपारी बाई वह्या तपासत होत्या. फळ्यावर गुणाकार दिला होता, एकोणपन्नास गुणिले तीन. उत्तर एकशे सत्तेचाळीस. यल्लूनं लिहिलं होतं एकशे तेवीस. बाईंनी सवयीनं फुली मारली आणि पान उलटलं. मग काय मनात आलं कोण जाणे, पान परत मागं घेतलं. पोरीनं गणितच वेगळं उतरवलं होतं. एक्केचाळीस गुणिले तीन. आणि एक्केचाळीस त्रिक किती, मंडळी? एकशे तेवीस. बरोबर!

बाईंनी मागची पानं काढली. नवाचा एक झालेला, पाचाचा चार झालेला. पण उतरवलेल्या गणिताचं उत्तर बहुतेक ठिकाणी अचूक. तीन वर्षं बरोबर उत्तरांवर फुल्या मारल्या आपण, हे कळल्यावर बाईंनी हातातला लाल पेन खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी यल्लूला जवळ घेतलं. "यल्लू, हा आकडा कुठून आणलास गं?"

"फळ्यावरून, बाई."

बाई उठल्या. शेवटच्या बाकावर यल्लूच्या जागी जाऊन बसल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा. समोर पाहिलं, तर खिडकीतला उजेड फळ्यावर असा पडलेला, की निम्मा फळा नुसता चकाकत होता. नऊ कुठला आणि एक कुठला, ओळखायची सोय नाही.

"अगं, दिसत नाही असं सांगितलं का नाहीस?"

यल्लू म्हणाली, "मला वाटलं, मागच्यांना असंच दिसत असतं."

मंडळी, हे वाक्य बाईंनी मला दोनदा सांगितलं. मीही पुन्हा सांगतो, मागच्यांना असंच दिसत असतं.

आता कुणी म्हणेल, यल्लूला मागं बसवलं कुणी? कुणीच नाही. पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या होत्या, "बसा जागा धरून." गावातली पोरं घरून चार पावलांवर, ती आधी आली. वस्तीतली पोरं पाणी भरून, टेकडी उतरून आली. उरली ती जागा त्यांची. गावात जशी घरं, तशीच वर्गात बाकं लागली. कुणी दुष्टपणा केला नाही, आणि अन्याय मात्र झाला.

बाईंनी खिडकीला गोणपाट लावून पाहिलं, तर वर्गात अंधार. वीज दुपारची असायची कुठं? फळा हलवायला खर्च, त्यासाठी अर्ज केला, तो अर्ज पडून राहिला. मग बाईंनी ठरवलं, दर सोमवारी पुढचे मागं, मागचे पुढं.

पहिल्याच सोमवारी शेवटच्या बाकावर कोण गेलं? वैदेही काळबांडे. शाळा समितीचे अध्यक्ष वसंतराव काळबांडे, त्यांची लेक. बुधवारी वसंतराव शाळेत हजर.

"बाई, माझी पोरगी मागं का? घरी रडते, फळा दिसत नाही म्हणते. तिला पुढं घ्या, नाहीतर मी तिला तालुक्याच्या शाळेत घालतो. माझ्यामागून आणखी आठ-दहा पोरं जातील, सांगून ठेवतो."

बाई घाबरल्या. घाबरणारच. तेवढी पोरं गेली, तर शाळेचा एक शिक्षक कमी होणार आणि दोन खोल्यांची एक खोली होणार. पण त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमचं ऐकते. आधी घटकाभर तिच्या जागी बसा."

वसंतराव बसले. लहान बाक, मोठा माणूस, गुडघे हनुवटीला. पोरं तोंड दाबून हसत होती. बाईंनी फळ्यावर एक ओळ लिहिली आणि म्हणाल्या, "वाचा." त्यांनी मान डावीकडं नेली, उजवीकडं नेली. शेवटी म्हणाले, "चकाकतंय हो."

"भाऊ, त्या जागी यल्लू तीन वर्षं बसली."

वसंतरावांनी पुन्हा एकदा फळ्याकडं पाहिलं. पण लगेच पाझर फुटला असं नाही बरं का. माणूस होता तो. म्हणाला, "ते खरं. पण माझ्या पोरीनं का सोसायचं?"

बाई म्हणाल्या, "सोसू नयेच. कुणाच्याच पोरीनं सोसू नये. पण एक बघा. यल्लू तीन वर्षं तिथं बसली, कुणाला कळलं नाही. मलासुद्धा नाही. तुमची वैदेही बसली, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही दारात."

वसंतराव उठून गेले. बाईंना ती रात्र जड गेली. आणि पुढच्या आठवड्यात गवंडी आला. फळा खिडकीपासून दूर, दुसऱ्या भिंतीवर गेला. वसंतराव स्वतः शेवटच्या बाकावर बसून गवंड्याला सांगत होते, "अजून हातभर डावीकडं घे."

काम झाल्यावर म्हणाले, "बाई, आता सगळ्यांना दिसतं. आता तरी जागा बदलू नका."

बाई हसल्या. "भाऊ, पोरांना फळा दिसायला लागला. आता मला पोरं दिसायला हवीत."

सोमवारची फिरती चालूच राहिली. यल्लू पहिली आली का? नाही. कीर्तनकाराला पहिली आणायला काय जातं, पण आली नाही. मधोमध आली. मात्र एक दिवस बाई फळ्यावर बेरीज करत होत्या, तेव्हा शेवटून दुसऱ्या बाकावरून आवाज आला, "बाई, हातचा राहिला." बाईंनी पाहिलं, खरंच राहिला होता. त्यांनी तो मांडला आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस." माझ्याशी हे बोलताना बाईंचा चेहरा असा उजळला होता, की पोरगी जिल्ह्यात पहिली आल्यावरही तेवढा उजळला नसता.

आता माझा प्रश्न काढा मनातून. वाढणारा आपल्या जागेवरून म्हणतो, मी सारखं वाढलं. पण घेणाऱ्याच्या जागी जाऊन तो बसला कधी? घरात तुम्ही म्हणता, सगळ्यांना सांगितलं होतं. कमी ऐकू येणाऱ्या वडिलांच्या शेजारी बसून सांगितलंत का? सून काही बोलत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरता. तिलाही वाटत असेल, सुनांना असंच दिसत असतं.

आणि दुसऱ्यांना कशाला, मलाच सांगतो. तासभर मी पुढच्या चार ओळींकडं बघून बोलतोय. त्या खांबामागच्या मावश्या मान वाकडी करून बसल्यात, आणि माझं आत्ता लक्ष गेलं. मृदंगबुवा, उठा. पेटीवाले, तुम्हीही. सतरंजी तिकडं ओढा. मावशी, दिसतं का आता? आवाज येतो?

येतो म्हणतात. मग चला मंडळी, टाळ घ्या. नाव आता इथून घेऊ.