एक शांत खुर्ची पाहिजे

नाही, पण मी काय म्हणतो, खुर्चीच आहे ना ती? प्लॅस्टिकची, उठलं की फटकन मिटणारी, एक साधी खुर्ची! घर घेतलं तेव्हा मी एवढा विचार केला नव्हता. टेलरिंगचं दुकान टाकलं तेव्हा तर अजिबात नाही. आणि या खुर्चीपायी तीन आठवडे माझं डोकं ठिकाणावर नाही, एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय डावे शिवले... दोन्ही डावे! तो बिचारा घालून बघतोय, फिरून बघतोय, म्हणतो, "टेलर, चालताना आपोआप वळायला होतंय हो!" आता काय सांगू त्याला?

तुम्हाला सांगतो, माझी मागणी तरी काय? आठवडाभर मशीनवर मान मोडायची आणि शनिवारी दोन तास शांतपणे मॅच बघायची. बस्स. जास्त मागतोय का मी?

झालं असं, की आमच्या फुटबॉल क्लबने मैदानावरचा जुना स्टँड पाडला. पाडायलाच हवा होता, छताला एवढी भोकं की आत पाऊस बाहेरपेक्षा जास्त. पण त्या स्टँडमध्ये मी एकोणीस वर्षं एकाच खुर्चीवर बसलो. सीझन तिकीट म्हणजे तसंच असतं ना, वर्षाच्या सगळ्या मॅचेसचं तिकीट एकदम आणि खुर्ची ठरलेली. आणि खुर्ची ठरली की शेजार ठरला! हे विकताना कुणी सांगत नाही! बायको करताना माणूस चार ठिकाणी चौकशी करतो, शेजारची खुर्ची मात्र डोळे मिटून पदरात घेतो!

माझ्या डावीकडे मास्तर. म्हणजे पोस्टमास्तर, आता रिटायर झालेत. यांना सगळं आधीच माहीत! बॉल अजून गोलकीपरच्या हातात असतो आणि हे कानाशी, "आता बघा, हा उजवीकडे देणार... उजवीकडे देणार..." तो देतो डावीकडे. "मी म्हटलं होतं!" अहो, कधी म्हटलं होतं? उजवीकडे दातांची डॉक्टरीणबाई. दवाखान्यात म्हणे आवाज इतका मऊ, की पेशंट खुर्चीतच पेंगतात. आणि इथे? "अरे रेफ्री, डोळे आहेत की बटणं!" माझ्या कानात! कानात हो! बाईंनी एकोणीस वर्षांत माझे दात कधी बघितले नाहीत, पण कान पार निकामी केले. आणि मागे बेकरीवाला. धिप्पाड माणूस, मनाने लोणी, पण त्याचे ते दोन गुडघे कायम माझ्या पाठीत. वर बन खाणार. आपल्याला कॉर्नर मिळाला, की याचा अर्धा बन माझ्या कॉलरमध्ये.

आणि मी? मी मधे. मी आपला गप्प. म्हणजे अगदीच गप्प नाही, खेळ कुठे चुकतोय ते कुणीतरी सांगायला नको का? तेवढं मी सांगतो. पण मोजकं. मोजकंच! घरी विचारा... नको, घरी नका विचारू. बायको म्हणते, "अहो, शनिवारच्या मॅचेस वाढवता येत नाहीत का? रविवारी पण ठेवा म्हणावं." तिलाही फुटबॉलची गोडी लागलीय, दुसरं काय!

तर क्लबचं पत्र आलं. नवा स्टँड तयार. अमुक रविवारी सकाळी या, दारात प्रत्येकाला एक लाल फीत मिळेल, हिंडा, बसून बघा, आवडेल त्या खुर्चीला फीत बांधा. वेळ वीस मिनिटं. एकदा बांधलेली फीत पाच वर्षं बदलून मिळणार नाही.

पाच वर्षं! मी मनाशी म्हटलं, हीच संधी. सुटका! जुन्या स्टँडमधल्या शेवटच्या मॅचला मास्तरांनी विचारलं, "काय टेलर, नव्यात कुठे?" मी बेधडक थाप ठोकली, "गोलच्या मागे. पक्कं ठरलंय माझं." तिघांनी एकमेकांकडे बघितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हो का... आम्ही पलीकडच्या बाजूला बघतोय, उन्हाच्या." वा! म्हटलं, तुम्ही उन्हात तळा, मी सावलीत एकटा. मला फक्त शांतपणे मॅच बघायचीय, जास्त मागतोय का मी?

रविवार उजाडला. मी आपली गळ्यात मापाची टेप टाकून हजर. हसू नका! पाच वर्षांची खुर्ची, माप नको घ्यायला? आणि आत काय दृश्य सांगू! मैदान रिकामं. खेळाडू नाहीत, बॉल नाही, एक माळी कडेला पाणी मारतोय, आणि दोन-तीनशे शहाणीसुरती माणसं या खुर्चीवरून त्या खुर्चीवर बसतायत, उठतायत आणि अगदी गंभीर चेहऱ्याने त्या माळ्याकडे बघतायत! एक गृहस्थ तर माळी वळला की "ऊंऽऽ" करत होते!

मी आधी अगदी वर गेलो. एकशे आठ पायऱ्या. वरून तो माळी शर्टाच्या बटणाएवढा. खाली उतरलो. पहिली रांग, तर समोर जाहिरातीची फळी, माळी कमरेपासून वर. मग कोपरा. कोपऱ्यात शेजारी ढोलवाल्या पोरांनी आख्खी रांग पटकावलेली, म्हणाली, "काका, या ना, दणक्यात मजा येईल!" म्हटलं, बाळांनो, दणक्यातूनच पळून आलोय. मग एक छान खुर्ची सापडली, अगदी मधोमध, बसलो... आणि ध्यानात आलं, बाथरूमकडे जायची वाट इथूनच. म्हणजे आख्खा स्टँड माझ्या गुडघ्यांवरून ये-जा करणार! तेवढ्यात शिट्टीवाला रखवालदार ओरडला, "काका, पाच मिनिटं राहिली!"

टेप इकडे लोंबतेय, फीत तिकडे, मी रांगारांगांतून पळतोय, आणि पळता पळता... सापडली!

अकरावी रांग. सावली. खांब नाही. सेकंड हाफला आपण ज्या गोलवर चाल करतो तो गोल समोर. टेप लावली, गुडघ्यापुढे चार बोटं मोकळी! आणि गंमत बघा, डाव्या खुर्चीला फीत, उजव्या खुर्चीला फीत, मागच्या खुर्चीला फीत. बांधणारे पुढे नाव नोंदवायला गेलेले. म्हटलं, एवढी अचूक जागा हेरली, म्हणजे शहाणी माणसं असणार. मितभाषी असणार. जीव भांड्यात पडला.

बसलो. काय शांतता! माळी पाणी मारतोय, त्याचा तेवढा आवाज. मी मनात एक मॅच सुरू केली, आपला गडी पुढे धावतोय, आणि मी म्हटलं, मोठ्याने म्हटलं, "ऑफसाइड होता तो!"

कुणी काही बोललं नाही.

पुन्हा म्हटलं, "ऑफसाइड होता." डावीकडे कुणी "मी म्हटलं होतं" म्हणालं नाही. उजवा कान बसला नाही. पाठीत काही रुतलं नाही. आणि खरं सांगतो, मी वळून मागच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. ज्या वर्षी आपण सगळ्यात खाली होतो ना, आठ मॅचेस हरलो ओळीने, त्या वर्षी या तिघांमुळे मी येत होतो हो. नाहीतर कोण जातं पावसात भिजत हरायला? आता वाटलं, उठावं, धावत पलीकडे जावं, उन्हाच्या बाजूला, त्यांना शोधावं... आणि तेवढ्यात शेवटची शिट्टी! हाताला सवय, दुसरं काही नाही, गाठ मारली गेली. आणि टेलरची गाठ आहे ती, कापल्याशिवाय सुटत नाही!

मी तसाच बसून राहिलो. झाली, म्हटलं, पाच वर्षं शांतता. भोगा आता.

आणि मागून आवाज, "अगं आई गं... मास्तर, हे बघा कोण!"

वळून बघतो तर डॉक्टरीणबाई! मागे मास्तर, त्यांच्यामागे बेकरीवाला, तिघांच्या हातात नोंदणीचे कागद! मी म्हटलं, "तुम्ही? तुम्ही तर उन्हात होता!" मास्तर म्हणाले, "तुम्ही तर गोलमागे होता!" म्हटलं, "थाप होती ती!" तर बाई म्हणतात, "आमची पण!"

आता ऐका पुढे. हे तिघं पळाले होते. कुणापासून? माझ्यापासून! फोनाफोनी करून, ठरवून! तिघांकडे एकमेकांचे नंबर, माझ्याकडे एकाचाही नाही! बाई म्हणतात, "टेलरकाका, रागावू नका, पण किती बोलता हो तुम्ही! माझं भूल दिलेलं पेशंट सुद्धा तुमच्यापेक्षा लवकर गप्प होतं." मी! मी बोलतो! मी गप्पच झालो. बहुतेक पहिल्यांदाच.

पण मला सांगा, माझ्यापासून पळायचं होतं, तर मधली खुर्ची मोकळी का सोडली? मी विचारलं तसं. तिघं एकमेकांकडे बघायला लागले. बाई म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही सरकला का नाहीत मधे?" मास्तर म्हणाले, "मी? अहो, मला टेलरच्या खांद्यावरून तिरकं बघायची सवय आहे, सरळ मला दिसतच नाही." आणि बेकरीवाला, तो धिप्पाड माणूस, कागदाची सुरळी करत खाली बघत म्हणाला, "मला समोर पाठ लागते काका. नाहीतर गुडघे कशावर टेकवू?"

मग बाई हसायला लागल्या. मग मास्तर. मग सगळेच. मी हसता हसता टेपनेच डोळे पुसले, कशाला खोटं बोलू.

पण अट घातली त्यांनी! पहिला अर्धा तास मी तोंड उघडायचं नाही. लेखी! नोंदणीच्या कागदामागे सही घेतली माझी. मी म्हटलं, आनंदाने, मला तरी काय हवंय? शांतपणेच मॅच बघायचीय, जास्त मागतोय का मी?

पहिली मॅच. स्टँड खच्चून भरलेला. पाच मिनिटं झाली, मी गप्प. सात मिनिटं, गप्प. मास्तर चुळबुळायला लागले, "टेलर, तो ऑफसाइड होता ना?" मी ओठ मिटलेले. दहाव्या मिनिटाला बाईंनी माझ्या कपाळाला हात लावला, "ताप नाही ना?" आणि बाराव्या मिनिटाला बेकरीवाला मागून रडकुंडीला येऊन म्हणतो, "काका, बोला हो काहीतरी! घरात कुणीतरी रुसून बसल्यासारखं वाटतंय, बन घशाखाली उतरत नाही!" मास्तरांनी खिशातून तो सहीचा कागद काढला आणि टराटरा फाडला.

मग काय, बारा मिनिटांचं साठलेलं! मी खुर्चीत पूर्ण मागे वळलो आणि बेकरीवाल्याला समजावून सांगायला लागलो, की मॅच शांतपणे बघण्याचे फायदे काय काय असतात. एक झाला, दोन झाले, तिसऱ्यावर आलो, आणि अख्खा स्टँड उसळला! बन हवेत, बाई माझ्या गळ्यात, मास्तर रडतायत, "मी म्हटलं होतं! मी म्हटलं होतं!"

मैदानाच्या मध्यावरून मारला म्हणतात. वाऱ्यावर वळून वरच्या कोपऱ्यात गेला म्हणतात. असा गोल या क्लबने कधी बघितला नाही, पुन्हा बघणारही नाही म्हणतात.

असेल बुवा. मी पाठमोरा होतो.