मिलिंदला कुणी पाठवलं नव्हतं

सगळ्यांना जय भीम, नमस्कार. इतक्या पावसात, कामाचा दिवस असून तुम्ही आलात. बुद्धवंदना झाली, आता तू दोन शब्द बोल, असं मला सांगितलंय. खरं सांगते, बोलायची ताकद उरलेली नाही. हॉस्पिटल, पोलीस, फ्युनरल होम, नागपूरहून येणारे फोन. मी खूप दमलेय. पण काकू समोर बसल्यात, म्हणून उभी राहते.

मी वैशाली. मिलिंद आणि मी एकाच टीममध्ये होतो. काकू म्हणजे मिलिंदची आई. पहिल्यांदाच अमेरिकेत, इथे बेलव्ह्यूला लेकाकडे राहायला आल्या होत्या. निघताना तो त्यांना म्हणाला, ऑफिसचं ट्रेनिंग आहे, डोंगराकडे. काकूंनी तिखट पुऱ्या करून बांधून दिल्या.

ट्रेनिंग नव्हतं. आम्ही चार मित्र आणि केव्हिन नावाचा गाइड, असे स्की करायला गेलो होतो. जिथे डोंगरावर नेणारी लिफ्ट नसते, तिथे. मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला पट्ट्या चिकटवून डोंगर चढायचा, मग त्या काढून बर्फावरून घसरत उतरायचं. संध्याकाळी लाकडी हटमध्ये मुक्काम. पाणी हवं तर शेगडीवर बर्फ वितळवायचा. पैसे देऊन हे हाल कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही चढताना दरवेळी वाटायचं. मिलिंदला कधीच नाही वाटलं.

पुऱ्या खाताना मी त्याला म्हटलं, "यार, आईला सांगून टाक ना." तो म्हणाला, "सांगितलं तर ती झोपणार नाही. परत गेलो की फोटो दाखवतो. मग रागावू दे."

परतीच्या वाटेवर एक उतार ओलांडायचा होता. केव्हिन म्हणाला, एकेकानं जायचं. आम्ही एकेकानंच गेलो. मिलिंद मध्यावर होता तेव्हा वरचा बर्फ सुटला. आम्ही सगळ्यांनी उकरलं. तो सापडला, पण उशीर झाला होता. केव्हिन आज मागे बसलाय. त्याला मराठी कळत नाही. पण कुणी त्याच्याकडे वाकडं बघू नका, एवढं मागते.

त्या दिवसापासून काकूंचं एकच चालू होतं. "ऑफिसनं माझ्या पोराला बर्फात कशाला पाठवलं?" मिलिंदची मॅनेजर लिंडा घरी जेवण घेऊन आली, तर काकूंनी दार लावून घेतलं. तिला बिचारीला कळेना, आपलं काय चुकलं. आणि आम्ही सगळे गप्प. मला जो तो सांगत होता, राहू दे गं, आता त्यांना या वयात कशाला सांगायचं?

आपण असेच आहोत ना? ले-ऑफमध्ये नोकरी गेली तरी कॉलिंग कार्डवरून घरी फोन करून 'सगळं छान'. गाडी ठोकली, 'सगळं छान'. ऑपरेशन झालं, तर टाके निघाल्यावर सांगू. आणि तिकडचे? तेही तसेच. मिलिंदचे बाबा गेले, तेव्हा त्याला फोनवर म्हणाले होते, बाबांना जरा बरं नाही, येऊन जा. विमानात बसला तेव्हा बाबा गेलेत हे त्याला माहीत नव्हतं. प्रेमच आहे हे, मान्य. पण मला या प्रेमाचा कंटाळा आलाय.

म्हणून आज सकाळी मी सांगितलं. म्हटलं, "काकू, त्याला कुणी पाठवलं नव्हतं. तो हौसेनं गेला होता. दर हिवाळ्यात जायचा."

मला वाटलं, कोसळतील. नाही कोसळल्या. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "कसं करतात ते? दाखव."

मी किचनमध्येच मोज्यांवर घसरून दाखवलं. गुडघे असे वाकवायचे, वजन असं पुढे टाकायचं. त्या बघत होत्या.

"पडायचा का?"

"पहिल्या वर्षी खूप. आता नाही."

"चांगलं येत होतं?"

"आमच्या सगळ्यांत चांगलं, काकू."

मग म्हणाल्या, "मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. माहीत होतं त्याला." आणि दाराशी जाऊन परत वळल्या. "संध्याकाळी बोलशील ना, तेव्हा ऑफिसनं पाठवलं असं म्हणू नको. माझ्या पोराला ते येत होतं, एवढं सांग सगळ्यांना."

सांगते, काकू. मिलिंदला येत होतं. फार सुंदर येत होतं. तो उतरायला लागला की आम्ही थांबून बघायचो.

आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहू. काकू, तुम्ही नका उठू. तुम्ही बसूनच राहा.