चाळीस घोडे आणि हातभर सुतळी

आमचं गाव भडगावच्या खाली, गिरणेच्या काठावर. तीन एकर कपाशी आणि नदीवर एक डिझेल इंजिन, आणि काय सांगू तुम्हाला, बाप लवकर गेला, आई दिवसभर शेतात, त्यामुळे आम्हा दोघा भावांना त्या इंजिनानेच वाढवलं म्हटलं तरी चालेल. मी थोरला, भिका माझ्याहून सात वर्षांनी लहान. इंजिन घ्यायची आमच्याकडे एक रीत होती, पाइपाच्या तोंडावर तळहात दाबून धरायचा, हात टिकला तर इंजिन परत, हात फेकला गेला तर इंजिन चांगलं. बठ्ठा, म्हणजे अख्खा, तालुका असाच इंजिनं घ्यायचा, शिकलेलेसुद्धा. आणि दुसरी रीत सुतळीची. रेसचा, म्हणजे इंजिनाचा वेग वाढवायचा, दांडा पाहिजे तिथवर ओढायचा, सुतळीने बांधून टाकायचा आणि लिंबाखाली जाऊन झोपायचं. ती गाठ भिकाला मीच शिकवली, त्याचा हात दांड्याला पुरतही नव्हता तेव्हा.

पुढे मी धुळ्याला देवपुरात एका गॅरेजात लागलो आणि तिथून गुजरातच्या एका बंदरावर गेलो. बंदराचं नाव सांगत नाही, ती माणसं अजून आहेत. समुद्र तोवर मी कॅलेंडरवरच पाहिलेला, पण इंजिन समुद्रावर गेलं म्हणून शहाणं होत नाही, बिघडायचं तसंच बिघडतं, त्यामुळे माझं बरं चाललं. गावात कुणाकुणाकडे रंगीत टीव्ही येऊ लागला होता त्या वर्षी भिकाने माझ्याबरोबर यायचा हट्ट धरला. आई म्हणाली, लई जाय, पन त्याले पानीमा उतरू देऊ नको. मी हो म्हणालो. हो म्हणायला काय लागतं.

आमचा शेठ चार होड्यांचा मालक. लहान होड्या, जाळं टाकून वाट बघणाऱ्या. दुसऱ्या गावचे मोठे ट्रॉलर यायचे आणि सरळ आमच्या जाळ्यांवरून ओढत जायचे, जाळी फाटायची, मग मारामारी. मारामारी म्हणजे पेपरात येते तशी बाचाबाची नव्हे, बांबू, वल्ही, नांगराचे दगड, लोखंडी आकडे. आमच्या एका तांडेलाचा, म्हणजे होडी चालवणाऱ्याचा, गाल मासे ओढायच्या आकड्याने ओठापासून कानापर्यंत उघडला होता, तो नंतर हसायचा तर अर्धाच हसायचा. त्यांच्या एकाचा गुडघा आमच्या माणसांनी धक्क्यावर वल्ह्याने फोडला, तेही मी पाहिलं, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

शेठचं दुःख एवढंच की ट्रॉलर निघून जायचा आणि आमच्या होड्या मागे राहायच्या. एक दिवस म्हणाला, मिस्त्री, मागच्या फळीला बाहेरून लावतात ती मोटर घ्यायची, तू निवड. दुकानात दोन होत्या. एक पंचवीस घोड्यांची, रुंद पात्यांच्या पंख्याची, ओझं ओढणारी. दुसरी चाळीस घोड्यांची, अरुंद पात्यांची, नुसती पळणारी. दुकानातल्या माणसाने सांगितलं, जाळ्यासाठी पंचवीसची घ्या, तुमची फळीही तेवढंच सोसेल. मला ते कळतच होतं. मोटर पाण्याच्या मोठ्या पिंपात बुडवून चालू केली. तिला थंड ठेवणाऱ्या पाण्याची एक बारीक धार बाहेर पडते, पोराच्या मुताएवढी. भिका हसला, म्हणाला, भाऊ, इतला पानीवर मिरचीना वाफाबी भिजत नही. मग मी चाळीसवालीच्या पंख्यामागे, जरा लांब, पाण्यात तळहात धरला. आमच्या रीतीने. हात खांद्यापासून फेकला गेला, आणि मी म्हणालो, हीच. शेठला ती कशासाठी हवी होती ते मला ठाऊक होतं. मासळीमागे कोणी चाळीस घोडे सोडत नाही.

पूजा थाटात झाली. मोटरीला हार घालायचा तर गळा सापडेना, शेवटी पंख्याला घातला. एका पुढाऱ्याने नारळ फोडला आणि समुद्राबद्दल भाषण केलं, तो समुद्राकडे पाठ करून उभा होता. मोटरीबरोबर मनगटात अडकवायची एक लाल दोरी आली होती, चालवणारा पडला की ती निसटते आणि मोटर बंद होते. शेठाणीने ती शोभेची समजून कलशाला गुंडाळली, फोटो निघाला, कलश पाण्यात सोडला, त्याबरोबर दोरीही गेली. मी बघत होतो. मुहूर्ताच्या वेळी कोण वाद घालतो.

शेठ म्हणाला, मोटर तुझा भाऊच चालवेल, यंत्रावर त्याचा हात बसलाय. मी आईचा शब्द सांगितला नाही, मीही होडीत बसेन एवढंच म्हणालो.

उजाडलं तसा ट्रॉलर दिसला, आमचं जाळं मागे फरफटवत निघालेला. आम्ही पाच जण. मोटर सुटली तशी होडीचं तोंड आभाळाकडे, आणि जवळ गेलो तसे वरून दगड आले, पहिल्याच दगडाने पुढच्या माणसाचं कपाळ फुटलं, आमच्यातल्या एकाने रॉकेलची पेटती बाटली वर फेकली, वर कुणाचा तरी शर्ट पेटला. मी वळून पाहिलं तर भिकाने मोटरीची वेगाची मूठ पूर्ण पिळून सुतळीने बांधली होती, होडी वळवायचा दांडाही बाकाला बांधला होता, आणि दोन्ही हातांत बांबू घेऊन उभा होता. मी त्याला ओरडलो नाही. काय सांगू तुम्हाला, क्षणभर मला कौतुक वाटलं.

होडी ट्रॉलरवर आदळली. बाकाची गाठ तुटली, मुठीची तुटली नाही. भिका बाहेर फेकला गेला, दांडा एका बाजूला वळला आणि होडी आपली आपण गोल फिरून त्याच्याकडेच परत निघाली, आम्ही तळाशी एकमेकांवर पडलेले, मी सरपटत मोटरीपर्यंत गेलो तर गाठ सुटेना, मीच शिकवलेली, ओली झाली की जास्तच आवळते, मग दातांनी तोडली. तोवर होडी त्याच्यावरून गेली होती. पंख्याचा आवाज मध्येच जड झाला, चरकात उसाचं कांडं गेल्यावर होतो तसा. तो मला अजून ऐकू येतो.

भिकाला वर कोणी काढलं, तर ज्याचा शर्ट आम्ही पेटवला त्याने. तो विझायलाच उडी मारून आला होता म्हणा, पण वर येताना भिकाला घेऊन आला, आणि स्वतःच्या पट्ट्याने त्याचा दंड आवळला. उजवा हात कोपराच्या वरच संपला होता. आठ दिवसांनी शेठने तीच मोटर दुसऱ्या होडीला लावली. पुन्हा हार.

घरी आणलं तेव्हा आईने एकच विचारलं, मोटर कोनी निवडी? मी म्हणालो, शेठने. भिका खाटेवर पडून ऐकत होता, त्याने भिंतीकडे तोंड केलं. आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला, म्हणाली, तू व्हता म्हनीसन मन्हा पोऱ्या वाचना. येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगायची, मरेपर्यंत.

आता देवपुरात माझं पंपदुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक विचारतं, किती घोड्यांचं इंजिन घेऊ, मी विचारतो, विहिरीत पाणी किती? त्यांना हे आवडत नाही, समोरच्या दुकानात जातात. भिका शेत बघतो, बायको चांगली मिळाली, दोन मुली आहेत. गेल्या वर्षी गेलो तर तो इंजिनावर वाकला होता, सुतळीचं एक टोक दातात, दुसरं डाव्या हातात. मी म्हणालो, सोड ती सुतळी. तो म्हणाला, भाऊ, हाई इंजिन जागावर उभं शे, ते कोठे पयी जाई? मग इतक्या वर्षांनी मी बोललो, मोटर मी निवडली होती रे, आईशी खोटं बोललो. तो म्हणाला, मले माहीत शे, तू पिपमा हात धरेल व्हता तवय मी बाजूमाच व्हतो. मायले सांगतास तर काय हात उगता?

मग म्हणाला, आते बोट ठेव आठे.

मी गाठीवर बोट ठेवलं, त्याने दातांनी ओढून घट्ट केली, आणि पाणी कपाशीकडे निघालं. आता जातो तेव्हा एवढं काम माझ्याकडे असतं. देवाने त्याला दात शेवटपर्यंत शाबूत ठेवावेत.